विद्येचा विनियोग

अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एक नव्या तऱ्हेचा प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी पदार्थविज्ञान, रसायन अथवा जीवशास्त्र यांपैकीं एखाद्या विषयांत पांच-सहा वर्षें झिजून डॉक्टरेट संपादन करते. आतां यापुढें प्रयोगशाळा, संशोधन, प्राध्यापकपद असा क्रम ओघानेंच येणार असें सर्वजण धरून चालतात. आणि अशा वेळीं वार्ता येते कीं, डॉक्टरमहाशयांनीं व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्या एका कंपनींत नोकरी पत्करली. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "पेशींच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्यानें आतां साबणाचा खप कसा वाढेल हें सांगत हिंडावें, याहून विद्येची विटंबना ती कोणती?" दुसरा म्हणतो, "ज्या विद्येनें संसार चालत नाहीं ती घेऊन काय करावयाचें? पोर शहाणें निघालें, एवढेंच." पगाराचा आंकडा ऐकला म्हणजे पहिल्या पक्षांतील कांहीं मंडळी हळूच दुसऱ्या पक्षांत जाऊन बसतात, पण त्यांच्याहि मनांतील रुखरुख जात नाहीं. ही रुखरुख सकारण आहे असें आमचें मत आहे. मात्र तिचें जें कारण सामान्यतः सांगण्यांत येतें तें खरें कारण नव्हे.

प्रथम हा धंदा काय आहे तें पाहूं. एखादी कंपनी, रुग्णालय, बँक किंवा सरकारी खातें अडचणींत सांपडलें, अथवा कांहीं नवें करूं इच्छित असलें, म्हणजे तें बाहेरच्या सल्लागारांना पाचारण करतें. हे सल्लागार कांहीं आठवडे किंवा कांहीं महिने तेथें तळ ठोकतात. हिशेब चाळतात, अधिकाऱ्यांना व कामगारांना प्रश्न विचारतात, आंकड्यांचीं कोष्टकें मांडतात, आणि अखेरीस काय करावें व काय सोडावें हें आलेखांच्या साहाय्यानें मालकांपुढें ठेवून निघून जातात. मोबदला मोठा असतो. या धंद्याचें शास्त्राशीं नातें आजकालचें नव्हे. 1886 सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं आर्थर लिटल नांवाच्या रसायनज्ञानें एका सोबत्यासह कारखानदारांना रासायनिक सल्ला देण्याचें दुकान उघडलें. तेंच पुढें वाढत जाऊन मोठी सल्लागार कंपनी झालें. डुकरिणीच्या कानाची रेशमी थैली होत नसते, अशा अर्थाची एक इंग्रजी म्हण आहे; ती खोटी पाडण्यासाठीं या गृहस्थाच्या प्रयोगशाळेनें 1921 सालीं डुकरांच्या कानांपासून सरस काढून, त्याचे धागे ओढून, खरोखरच थैली विणून दाखविली. 1926 सालीं शिकागो येथें स्वतःच्या नांवाची कंपनी काढणारे जेम्स मॅकिन्सी हे तर तेथील विद्यापीठांत हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. आज मॅकिन्सी, बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप इत्यादि कंपन्या व्यापाराचें शिक्षण न घेतलेल्या शास्त्रांतील डॉक्टरांना मुद्दाम निवडून घेतात, आणि थोडक्या अवधींत जमाखर्चाची भाषा शिकवून कामास लावतात.

आतां पहिल्या पक्षाचा आक्षेप घेऊं. तो असा कीं, शास्त्रीय शिक्षण लोकांच्या पैशावर होतें. आपल्याच देशांत केंद्र सरकारनें 2023 च्या आरंभापासून कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ति दरमहा 37,000 रुपये केली. हा पैसा, प्रयोगशाळेंतील उपकरणें, मार्गदर्शकांचा वेळ, हें सारें बहुतांशीं करदात्यांकडून येतें. हें ऋण डोक्यावर घेऊन खाजगी नफ्याच्या सेवेस जाणें ही कृतघ्नता होय. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो हिशेबाची एकच बाजू मांडतो. ज्यांस आपण संशोधक म्हणून तयार करतों, त्यांपैकीं कितीजणांस संशोधनांत जागा असते? इंग्लंडच्या रॉयल सोसायटीनें 2010 सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अहवालांत असें दाखविलें कीं, ब्रिटनमध्यें शास्त्रांतील शंभर डॉक्टरांमागें 53 जण पदवी मिळतांच शास्त्राबाहेरील व्यवसाय धरतात. विद्यापीठांतील कायमचे संशोधक म्हणून साडेतीनच टिकतात. आणि प्राध्यापकपदापर्यंत पोंचणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा अर्ध्याहूनहि कमी भरतें. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनीं 1917 सालीं म्यूनिक येथें विद्यार्थ्यांपुढें दिलेल्या व्याख्यानांत विद्यापीठांतील नेमणूक ही फार मोठ्या अंशानें दैवाधीन गोष्ट आहे असें स्पष्ट सांगितलें होतें. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी स्थिति पालटली असें म्हणवत नाहीं. शंभरांस पंगतीचें आमंत्रण द्यावयाचें, पाट चारच मांडावयाचे, आणि ताटकळून उठून गेलेल्यांवर अन्नाचा अपमान केल्याचा आरोप करावयाचा, हा न्याय नव्हे. लोकांचें ऋण आहे हें खरें. पण तें अमुक एका खोलींत बसूनच फेडलें पाहिजे असा नियम नाहीं. फेडीचें नाणें बदलूं शकतें. प्रश्न एवढाच कीं, तें नाणें खरें असावें.

या संबंधांत न्यूटनचें उदाहरण मननीय आहे. 1687 सालीं ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून जगाच्या विचाराची दिशा बदलणारा हा पुरुष 1696 सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, केंब्रिज सोडून लंडनच्या टांकसाळींत अधिकारी म्हणून गेला. त्या वेळीं इंग्लंडांतील रुप्याचीं नाणीं कडा कातरून कातरून हलकीं झालेलीं होतीं, आणि सर्व जुनें चलन वितळवून नवें पाडण्याचें प्रचंड काम चाललें होतें. टांकसाळींतील ही जागा केवळ वेतन खाण्याची, असा रूढ समज असे. न्यूटननें तसें केलें नाहीं. त्यानें कामांत स्वतः लक्ष घातलें, खोटीं नाणीं पाडणाऱ्यांचा पाठलाग केला, 1699 सालीं टांकसाळीचा मुख्य झाला, 1701 सालीं केंब्रिजच्या अध्यासनाचा राजीनामा दिला, आणि 1727 सालीं मरण येईपर्यंत तो त्या पदावर राहिला. शास्त्राची यांत हानि झाली असें म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. परंतु न्यूटननें आपली विद्या विटाळली असें कोणीहि म्हणणार नाहीं. कां? आमच्या मतें याचें उत्तर असें कीं, जी अचूकता त्यानें ग्रहांच्या गतीस लावली तीच नाण्याच्या वजनास लावली, आणि त्या अचूकतेचें फळ पाहण्यासाठीं तो तेथेंच राहिला. तेव्हां प्रयोगशाळा सोडणें हें स्वतः पाप नव्हे. सोडतांना बरोबर काय नेलें, हा मुख्य प्रश्न होय.

दुसऱ्या पक्षाचें उत्तर येथें तयारच असतें. बुद्धि ही कोठेंहि बुद्धीच. कठीण प्रश्नाचे तुकडे पाडावे, प्रत्येक तुकड्याचा हिशेब करावा, आणि तुकडे पुन्हां जोडावे, ही कला रेणूला लागू पडते तशी रेल्वेलाहि पडते. यांत तथ्य आहे. या कंपन्या उमेदवाराची परीक्षा घेतांना अमुक शहरांत दिवसाला चहाचे किती पेले खपत असतील, अशा तऱ्हेचे प्रश्न विचारतात. उत्तर पाठ असण्याचा संभव नसतो, विचार कसा चालतो तें पाहावयाचें असतें. ही पद्धति मूळ पदार्थवैज्ञानिकांची. शिकागो शहरांत पियानोचे सूर लावणारे कारागीर किती असावे, हा एन्रिको फर्मी यांच्या नांवावर सांगितला जाणारा प्रश्न याच जातीचा आहे. 16 जुलै 1945 रोजीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पहिल्या अणुबाँबची चांचणी झाली, तेव्हां फर्मी यांनीं सुमारें दहा मैलांवर उभे राहून, स्फोटाची लाट येऊन पोंचतांच कागदाचे कपटे हातांतून सोडले. ते सुमारें अडीच मीटर सरकले, आणि तेवढ्यावरून त्यांनीं स्फोटाची शक्ति 10,000 टन टी. एन. टी. इतकी असावी असा अंदाज केला. मागाहून नीट मोजणी झाली, तेव्हां ती सुमारें दुप्पट निघाली. कागदाच्या कपट्यांवरून इतक्या जवळ जाणें ही सामान्य गोष्ट नव्हे. असलें कौशल्य ज्याच्या अंगीं आहे त्यास कापडाच्या गिरणीचा किंवा विम्याच्या कंपनीचा हिशेब जड जाणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु या गोष्टींतील एक वाक्य सोडून चालणार नाहीं: मागाहून नीट मोजणी झाली. शास्त्रज्ञाचें खरें शिक्षण अंदाज करण्यांत नसून या मोजणीपुढें मान तुकविण्यांत आहे. दोन वर्षें जिवापाड जपलेली कल्पना एका सकाळच्या प्रयोगानें धुळीस मिळते. यंत्रावरील कांटा विद्यार्थ्याची हुशारी पाहत नाहीं कीं मार्गदर्शकाची कीर्ति पाहत नाहीं. निसर्ग ‘नाहीं’ म्हणतो, आणि तें ऐकावें लागतें. याच शिस्तींतून प्रत्येक आंकड्यापुढें ‘अधिक-उणें’ लिहिण्याची संवय लागते: वजन इतकें, अधिक-उणें इतकें. आपल्याला किती ठाऊक आहे हें सांगतांना किती ठाऊक नाहीं हेंहि त्याच ओळींत सांगणारें हें लहानसें चिन्ह म्हणजे शास्त्राची नीतीच होय. प्रयोगशाळेंत सारे हरिश्चंद्रच नांदतात असें आम्ही म्हणत नाहीं. तेथेंहि आंकडे रंगविले जातात, प्रसिद्ध झालेले निबंध मागें घेण्याची पाळी येते. पण निबंध प्रसिद्ध होतो, दूरच्या देशांतील एखादा अपरिचित मनुष्य तोच प्रयोग करून पाहूं शकतो, आणि म्हणून खोटें उघडें पडण्याची वाट मोकळी असते.

सल्लागाराच्या धंद्यांत ही वाट बहुधा बंद असते. अहवाल गुप्त; तो परक्याच्या हातीं पडत नाहीं. सल्ल्याचें फळ दिसूं लागेपर्यंत सल्लागार दुसऱ्या गांवीं दुसऱ्या कामावर गेलेला असतो. फळ दिसलें तरी त्याचीं कारणें इतकीं गुंतलेलीं असतात कीं, यश आलें तर तें सल्ल्याचें, अपयश आलें तर तें अंमलबजावणीचें, असें सहज म्हणतां येतें. शिवाय पैसे देणाऱ्यास निश्चिति हवी असते. "खर्च शेंकडा पंधरांनीं उतरेल" हें वाक्य त्यास आवडतें. "उतरेल, पण पांचांनीं उतरेल कीं वीसांनीं तें आज सांगवत नाहीं" हें वाक्य त्यास रुचत नाहीं. म्हणून पहिल्या वर्षीं जें ‘अधिक-उणें’ तळटीपेंत जातें तें तिसऱ्या वर्षीं तेथूनहि नाहींसें होतें. कोणी खोटें बोललेलें नसतें. फक्त ‘नाहीं’ म्हणणारा कोणी उरलेला नसतो. आणि ‘डॉक्टर’ ही पदवी, जी मूळ या ‘नाहीं’ पुढें वांकण्याबद्दल मिळाली, ती आतां मालकांच्या सभेंत त्या आंकड्याला वजन आणण्यास उपयोगी पडते. आरंभीं उल्लेखिलेल्या रुखरुखीचें खरें कारण येथें आहे. कौशल्य मनुष्याबरोबर सहज प्रवास करतें. शिस्त मात्र ज्या भिंतींच्या आधारानें उभी असते त्या भिंती सुटल्या कीं कोसळूं लागते.

ती कोसळलीच पाहिजे असें मात्र नाहीं. याचा दाखला दुसऱ्या महायुद्धांत मिळतो. विश्वकिरणांवरील संशोधनाबद्दल 1948 सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे पॅट्रिक ब्लॅकेट हे युद्धकाळांत ब्रिटिश सैन्याचे सल्लागार होते. 1940 सालीं विमानविरोधी तोफांच्या कामीं त्यांनीं जी मंडळी जमविली तींत शरीरशास्त्रज्ञ होते, गणिती होते, ताऱ्यांचा अभ्यास करणारा होता. पुढें ते आरमाराकडे गेले. अटलांटिक महासागरांतून मालवाहू जहाजांचे तांडे संरक्षक नौकांच्या पहाऱ्यांत जात असत, आणि जर्मन पाणबुड्या त्यांवर तुटून पडत. लहान तांडा अधिक सुरक्षित, अशी आरमारांतील समजूत होती. ब्लॅकेट व त्यांचे सहकारी यांनीं मागील नोंदी तपासल्या, तों दिसून आलें कीं, सरासरी 32 जहाजांच्या तांड्यांत शेंकडा अडीच जहाजें बुडालीं होतीं, आणि सरासरी 54 जहाजांच्या तांड्यांत शेंकडा एकाहून किंचित् अधिक. कारण सोपें होतें. तांडा मोठा झाला म्हणजे त्याचें क्षेत्रफळ जितकें वाढतें तितका त्याचा परीघ वाढत नाहीं, आणि पहारा परिघावर असतो. पहारा भेदून आंत शिरलेली पाणबुडी मात्र तांडा मोठा असो कीं लहान, सुमारें तितकींच जहाजें बुडविते. तेव्हां तांडे मोठे करावे, असा सल्ला निघाला.

पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. हा सल्ला चुकला असता तर एकेका तांड्यागणिक शेंकडों खलाशांना जलसमाधि मिळाली असती. सल्ला देण्यापूर्वीं आपला स्वतःचा या गणितावर खरोखर विश्वास आहे काय, असें ब्लॅकेट यांनीं स्वतःला विचारलें. आणि त्याची परीक्षा अशी केली कीं, आपल्या मुलांना याच महासागरांतून पाठविण्याचा प्रसंग आला तर आपण त्यांना मोठ्या तांड्यांतून पाठवूं कीं लहान? मोठ्याच तांड्यांतून पाठवूं, असें मनानें उत्तर दिल्यावर त्यांनीं सल्ला दिला. हें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे. मोजणी अद्याप व्हावयाची होती, निसर्गाचें उत्तर अद्याप यावयाचें होतें. अशा वेळीं त्यांनीं निसर्गाच्या जागीं आपलीं मुलें उभीं केलीं. सल्लागाराला याहून उत्तम कसोटी आम्हांस सुचत नाहीं.

याच्या उलट बाजूचें उदाहरण आपल्या काळांतील आहे. अमेरिकेंत पर्ड्यू फार्मा या कंपनीचें ऑक्सिकॉन्टिन हें अफूच्या जातीचें वेदनाशामक औषध व्यसनाच्या मोठ्या सांथीस कारण झालें. व्यसनाच्या धोक्याविषयीं दिशाभूल केल्याचा गुन्हा या कंपनीच्या एका संलग्न कंपनीनें 2007 सालींच न्यायालयांत कबूल केला होता. असें असतांहि त्यानंतर मॅकिन्सीच्या सल्लागारांनीं या औषधाची विक्री जोरानें वाढविण्याच्या योजना आंखून दिल्या. तें अधिक लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर विक्रेत्यांनीं लक्ष एकवटावें, ही त्यांपैकीं एक. पुढें या कामाबद्दलच्या दाव्यांत मॅकिन्सीनें 2021 सालीं अमेरिकेंतील बहुतेक राज्यांशीं 57 कोटि 30 लक्ष डॉलरांची, आणि डिसेंबर 2024 मध्यें तेथील केंद्रीय न्यायखात्याशीं 65 कोटि डॉलरांची तडजोड केली. हीं कोष्टकें मांडणारीं माणसें बुद्धीनें कमी होतीं असें कोण म्हणेल? गणित म्हणून तें गणित बरोबरच असेल. विक्री कशी वाढेल या प्रश्नाचें तें अचूक उत्तर होतें. परंतु तें औषध आपल्या मुलानें घेतलेलें चालेल काय, हा प्रश्न त्या कोष्टकाच्या कोणत्याहि रकान्यांत बसत नव्हता.

यावर असें म्हणण्यांत येतें कीं, सल्लागार केवळ सल्ला देतो. निर्णय मालकाचा, म्हणून जबाबदारीहि मालकाची. वकील नाहीं का गुन्हेगाराची बाजू मांडत? हा दृष्टान्त लंगडा आहे. वकिलासमोर प्रतिपक्षाचा वकील उभा असतो, आणि वर न्यायाधीश बसलेला असतो; त्याच्या एकांगीपणाला न्यायमंदिरानेंच मर्यादा घातलेली आहे. सल्लागाराच्या बंद खोलींत प्रतिपक्ष नाहीं आणि न्यायाधीशहि नाहीं. ज्यांचीं कामें जाणार ते कामगार, ज्यांच्या पोटांत तें औषध जाणार ते रोगी, यांपैकीं कोणासहि तेथें आसन नसतें. महाभारतांत कौरवांच्या घरांत शकुनि आणि विदुर हे दोघेहि सल्लाच देत होते. निर्णय दोन्ही वेळां घेणारे दुसरेच होते. तरी आजवर कोणीं शकुनीस निर्दोष ठरविलेलें नाहीं. दोघांतील भेद बुद्धीचा नव्हता. शकुनि दुर्योधनास हवें तें सांगे. विदुर धृतराष्ट्रास नको असलेलें सांगे, त्यासाठीं एकदां त्यास हांकलूनहि देण्यांत आलें, आणि बोलावणें येतांच तो परत येऊन पुन्हां तेंच सांगूं लागला. ज्या घराच्या नाशाचें भाकीत तो करीत होता त्याच घरांत तो राहत होता, हें विसरतां कामा नये.

मग या मार्गानें जाणाऱ्या तरुणानें काय करावें? आम्ही त्यास जाऊं नको असें सांगणार नाहीं. डोक्यावर शिक्षणाचें कर्ज असतां आणि वृद्ध आईबाप अवलंबून असतां, पस्तिशीपर्यंत तात्पुरत्या नेमणुकांवर दिवस काढण्याचा उपदेश दुसऱ्यास करणें हें परदुःख शीतळ मानण्यासारखें आहे. आणि तो उपदेश कायमच्या जागेवर बसलेल्या प्राध्यापकांच्या तोंडीं तर मुळींच शोभत नाहीं. शिवाय रुग्णालयांतील खोळंबा कमी करणें, धान्याची नासाडी थांबविणें, पाणीपुरवठ्याची गळती शोधणें, हीं कामें या धंद्यांतहि येतात, आणि तीं कोणत्याहि निबंधाइतकींच मोलाचीं आहेत. आमचें सांगणें एवढेंच कीं, बाहेरचा परीक्षक सुटला म्हणून आंतला सोडूं नये. आंकड्यापुढचें ‘अधिक-उणें’ पुसण्यास सांगण्यांत येईल, तें पुसूं नये. निदान तोंडानें तरी तें उच्चारावें. वर्ष-दोन वर्षांनीं, कोणी बोलाविलें नसलें तरी, आपल्या सल्ल्याचें पुढें काय झालें याची विचारपूस करावी, आणि अंदाज कोठें चुकला तें स्वतःच्या वहींत लिहून ठेवावें. खोलींत ज्यांस आसन नाहीं त्यांच्या वतीनें एक प्रश्न तरी विचारावा. आणि ब्लॅकेट यांची कसोटी लावून उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर तें काम सोडावें. याची किंमत पडते. बढती लांबते, प्रसंगीं नोकरीहि जाते. म्हणूनच आरंभींच्या वर्षांत राहणी पगाराच्या मागें धांवूं देऊं नये. ज्याच्या घराचा हप्ता त्याच्या पगाराएवढा, त्याला ‘नाहीं’ म्हणण्याचें स्वातंत्र्य राहत नाहीं.

सारांश, विद्या बाजारांत नेली म्हणून ती भ्रष्ट होत नाहीं, आणि प्रयोगशाळेंत ठेवली म्हणून आपोआप शुद्धहि राहत नाहीं. तिच्या मानकऱ्यानें आपण चुकूं शकतों ही जाणीव जोंवर आपल्या प्रत्येक शब्दाबरोबर दुसऱ्याच्या हातीं दिली, तोंवर तो कोणत्याहि कचेरींत बसो, शास्त्रज्ञच आहे. ती जाणीव ज्या दिवशीं त्यानें निश्चितीच्या मोबदल्यांत विकली, त्या दिवशीं त्याच्या नांवामागील पदवी मात्र राहिली; लोकांनीं ज्यासाठीं त्याला शिकविलें होतें तें गेलें.